मदत हवी आहे: पोळी बंद करून ज्वारी सुरू केली, तरी बाबांची साखर वाढतेच आहे

वैतागवाडी:
बाबा, वय ६४, टाइप २ मधुमेह. महिन्याभरापासून पोळी पूर्ण बंद, फक्त ज्वारीची भाकरी. साखर, गूळ, बटाटा, भात सगळं बंद. तरी जेवणानंतर २४० आणि सकाळी उपाशीपोटी १६०. पोळी खायचे तेव्हा जेवणानंतर २०० च्या आसपास असायची! ज्वारीने साखर वाढते का? की मशीन बिघडलंय? "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहू नका, अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यातली आहे.

तराजू:
भाकऱ्या किती आणि केवढ्या? गोळ्या कोणत्या, किती वाजता? २४० हे जेवणानंतर किती वेळाने?

शेवग्याची_शेंग:
मशीनचं म्हणाल तर हात साबणाने धुऊन, कोरडे करून मोजा. फळ कापलेल्या बोटावर आकडा सहज वर जातो. स्ट्रिप्सची डबी उघडी राहिली तर दमटपणाने त्या खराब होतात. चांगल्या मीटरमध्येसुद्धा १५ टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे २०० आणि २२० यांत फरक शोधत बसू नका.

दोनदाच_जेवा:
एकच उपाय. दिवसातून दोन वेळा जेवा, ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही नाही. खाल्लं की इन्सुलिन स्रवतं. स्रवणंच कमी करायचं.

वैतागवाडी:
@दोनदाच_जेवा, तेच तर चालू आहे. नाश्ता बंद, दुपारी १ ला आणि रात्री ८ ला जेवण. भाकऱ्या दोन, आमच्याकडे असतात तेवढ्या. गोळी नेहमीचीच.

तराजू:
"आमच्याकडे असतात तेवढ्या" हे माप नाही. पीठ काढताना वाटी काट्यावर ठेवा. आणि "नेहमीची" गोळी म्हणजे कोणती? पाकिटावर दोन नावं असतील, दोन्ही लिहा.

झणझणीत:
@दोनदाच_जेवा, न खाल्लं तरी इन्सुलिन स्रवतच असतं. दिवसभरातलं साधारण निम्मं इन्सुलिन जेवणाशी संबंध नसलेलं, संथपणे चोवीस तास येणारं असतं. ते थांबलं तर यकृत मोकाट साखर सोडेल. सकाळचे १६० त्यातलेच. पहाटे कॉर्टिसोल आणि ग्रोथ हार्मोन वाढतात, यकृत साखर सोडतं, आणि ती आवरायला इन्सुलिन कमी पडतं. रात्रीची भाकरी बंद करून हा आकडा हमखास उतरेल असं नाही.

दोनदाच_जेवा:
कित्येकांच्या गोळ्या सुटल्यात. पुस्तकी ज्ञान पाजळू नका.

गोडघाशी:
गूळ का बंद केलात? सेंद्रिय गूळ चालतो मधुमेहात. आणि कोणतं ग्लुकोमीटर घ्यावं, कोणी सांगेल का?

झणझणीत:
गुळात बहुतांश साखरच असते, सेंद्रिय असला तरी. मीटरसाठी वेगळा धागा काढा.

वैतागवाडी:
मोजलं. एका भाकरीला ८० ग्रॅम पीठ! गोळी ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन ५००, सकाळी ८ ला. साडेअकराच्या सुमारास त्यांना थरथर सुटते, घाम येतो. मग शेंगदाण्याची चिक्की दोन-तीन तुकडे खातात, बरं वाटतं. जेवण १ ला, साखर अडीचला मोजतो. पण प्रश्न ज्वारीचा आहे!

औषधखिडकी:
प्रश्न ज्वारीचा नाही, गोळीचा आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न आहे की नाही ते बघत नाही. नाश्ता बंद केलात, गोळी मात्र आठलाच. साडेअकराची थरथर ही साखर खाली गेल्याची खूण दिसते. तेव्हा मोजा, ७० च्या खाली असेल तर पेलाभर पाण्यात तीन छोटे चमचे साखर, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच. चिक्कीत शेंगदाण्याचं तेल असतं, त्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. तोवर माणूस घाबरून आणखी खातो आणि ती सगळी जेवणाच्या आकड्यात येऊन बसते. बोलण्यात गोंधळ दिसला किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.
अपॉइंटमेंटची वाट बघू नका. आजच डॉक्टरांना फोन करा आणि एवढंच सांगा: "नाश्ता बंद केलाय, ग्लिमेपिराइड सकाळीच चालू आहे, अकराच्या पुढे थरथर होते." मनाने गोळी बंद करू नका, डोस आणि वेळ तेच ठरवतील. आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या) चालू असेल तर तेही सांगा. कार्ब (कर्बोदकं, म्हणजे पिष्ट आणि साखर) एकदम कमी केल्यावर या गोळ्यांमुळे साखर फार न वाढताही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) धोकादायक वाढू शकतात.

तराजू:
आता ज्वारीचं. गहू असो वा ज्वारी, १०० ग्रॅम पिठात साधारण ६५ ते ७० ग्रॅम कार्ब. दोन भाकऱ्या म्हणजे १६० ग्रॅम पीठ, शंभरच्या वर कार्ब. पोळ्या किती खायचे?

वैतागवाडी:
तीन फुलके.

तराजू:
फुलक्याला २५ ग्रॅम धरा, तिन्ही मिळून ७५ ग्रॅम पीठ, ५० ग्रॅम कार्ब. धान्य बदललं आणि कार्ब दुप्पट झाले. ५० ग्रॅम पिठाची एकच भाकरी करा, पातळ थापा म्हणजे ताटात लहान दिसणार नाही. सोबत पिठलं असेल तर बेसनही मोजा, वाटीभर पिठल्यात १५ ग्रॅमच्या आसपास कार्ब जातात. आधी कोशिंबीर आणि उसळ, भाकरी शेवटी. या क्रमानेही आकडा कमी चढतो. जेवणानंतर १५ मिनिटं चाला.
मोजायचं ते पहिल्या घासापासून दोन तासांनी, म्हणजे ३ वाजता. जेवणाआधीही एकदा मोजा. दीडशेवरून २४० आणि ९० वरून २४० यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कारलं_कडू:
कारल्याचा रस सकाळी अनशेपोटी, हमखास.

औषधखिडकी:
ग्लिमेपिराइडवर, नाश्ता बंद असताना, साडेअकराला थरथरणाऱ्या माणसाला? कृपया नको.

वैतागवाडी:
फोन लागला. उद्यापासून सकाळी फक्त मेटफॉर्मिन, नाश्त्यासोबत. ग्लिमेपिराइड १, दुपारच्या जेवणासोबत. आठवडाभराचे आकडे पाठवायला सांगितलेत. आता एकादशीला उपासाचं काय करू? साबुदाणा तर हलका असतो ना?

तराजू:
साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅममध्ये ८५ च्या वर कार्ब. एवढी कार्ब ज्वारीतही नाहीत. राजगिऱ्याची एक लहान भाकरी, दही, काकडी, मूठभर दाणे. राजगिऱ्याचं पीठही काट्यावर. आणि त्या दिवशी गोळी कशी घ्यायची ते फोन करून आधीच विचारून ठेवा.