जुन्या होंडा सिटीचे इंजिन कोड स्कॅनरशिवाय कसे वाचायचे?

चौथा_गिअर

गाडी होंडा सिटी १.५, २००० चं मॉडेल, मॅन्युअल. चेक इंजिनचा दिवा अधूनमधून लागतो आणि चावी बंद करून परत स्टार्ट मारली की कधी जातो, कधी राहतो. इंजिन गार असताना स्लो (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग) वर-खाली होतो, साधारण ९०० ते १५०० आरपीएमच्या दरम्यान. ब्लूटूथवाला ईएलएम ३२७ (कोड वाचायचा स्वस्त स्कॅनर) आणला, पण तो लावायचं सोळा पिनांचं सॉकेट गाडीत सापडत नाही. गॅरेजमध्ये "ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला, जुना बघावा लागेल" एवढंच सांगितलं. महिन्याभरापूर्वी रेडिएटरचे होज बदललेत, बाकी कुठे हात लावलेला नाही.

वायर शॉर्ट करून दिव्याच्या उघडझापीवरून कोड, म्हणजे बिघाडाचे आकडे, मोजता येतात असं ऐकलंय. नेमकं कुठे शॉर्ट करायचं? आणि चुकलं तर ईसीएम उडेल का?

दहाचा_पाना

सॉकेट शोधत बसू नका. आपल्याकडे गाड्यांना ओबीडी (गाडीनेच बिघाड ओळखून कोड साठवायची यंत्रणा) सक्तीचा झाला तोच एप्रिल २०१० पासून, आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून. तुमच्या गाडीचा ईसीएम दिवा लुकलुकवून बोलतो.

डावीकडच्या सीटसमोर ग्लोव्ह बॉक्सच्या खाली, कडेच्या प्लॅस्टिक पॅनेलजवळ हात घाला. वायरिंगला लोंबणारं, कशालाच न जोडलेलं दोन पिनांचं छोटं कपलर (वायर जोडायचं प्लॅस्टिकचं तोंड) सापडेल. कधी रबरी टोपीत असतं, कधी कुणीतरी टेप मारून हार्नेसला (वायरींच्या जुडीला) बांधलेलं असतं. तिथंच तीन पिनांचं एक मोकळं कपलर असू शकतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. पिवळ्या आवरणातली वायर दिसली तर ती एअरबॅगची, तिला मल्टिमीटरसुद्धा लावायचा नाही.

कपलर बरोबर आहे का हे आधी मीटरवर बघा. चावी बंद ठेवून एक पिन आणि बॉडीचा उघडा बोल्ट यांच्यात कंटिन्युइटीची (वायर अखंड असल्याची) बीप आली पाहिजे. ती पिन अर्थची, म्हणजे अर्थिंगची. चावी ऑन केल्यावर दुसऱ्या पिनवर ५ व्होल्टच्या आसपास दिसतील. ते ५ व्होल्ट ईसीएमच्या आतूनच रेझिस्टन्समधून येतात, त्यामुळे ही पिन अर्थला टेकवल्याने काही जळत नाही. बॅटरीचे १२ व्होल्ट तिथे दिले तर मात्र जळेल.

आता चावी बंद. यू-पिन सरळ करून किंवा बारीक वायरचा चारेक इंचाचा तुकडा घेऊन दोन्ही पिना जोडा. जाड तार घुसवू नका, टर्मिनलचं तोंड फाकलं की पुढच्या वेळी पकड राहत नाही. मग चावी ऑन, स्टार्ट मारायचा नाही, आणि दिव्याकडे बघा.

लांब उघडझाप म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. एक लांब आणि चार छोट्या म्हणजे १४. नऊपर्यंतचे कोड नुसत्या छोट्या उघडझापींचे. एकाहून जास्त कोड असतील तर लहान आकड्यापासून क्रमाने येतात, सगळे संपले की पुन्हा पहिल्यापासून. दिवा न लुकलुकता सलग पेटून राहिला तर कोड साठलेला नाही.

नेहमी भेटणारे: १ ऑक्सिजन सेन्सर, ३ मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), ६ कूलंट टेम्परेचर, ७ थ्रॉटल पोझिशन, १० आत येणाऱ्या हवेचं तापमान, १४ आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह (स्लो सांभाळणारा), १७ स्पीड सेन्सर. ४, ८, ९ हे तिन्ही डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना क्रमाने ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) पोटातले.

अर्धा_क्लच

मोजणीत भले भले चुकतात, म्हणून मोबाइल डॅशबोर्डसमोर धरून मिनिटभराचा व्हिडिओ घ्या आणि हळू करून बघा. सलग तीन फेऱ्यांत तोच आकडा आला तरच तो खरा.

त्याआधी बल्ब तपासा. तार न लावता चावी ऑन केली की चेक इंजिनचा दिवा दोन सेकंद लागून विझला पाहिजे. लागतच नसेल तर बल्ब गेलाय, किंवा गाडी विकताना कुणीतरी काढलाय. जुन्या गाडीत दुसरी शक्यता कमी समजू नका.

आणि काम झालं की तार काढा. ती तशीच राहिली तर दिवा पेटलेला राहतो आणि नवीन बिघाड झाला असं वाटून माणूस गॅरेज गाठतो.

एखाद्याने हीच पद्धत जुन्या टोयोटाला लावायला जाऊ नये. तिथे बोनेटखालच्या डायग्नोसिसच्या डबीत टीई१ आणि ई१ जोडतात, सारखी एका लयीत उघडझाप म्हणजे "कोड नाही", आणि १४ हा एक उघडझाप, थोडी उसंत, मग चार असा येतो. अर्थही वेगळा. टोयोटाचा १४ इग्निशनच्या सिग्नलचा आहे.

चौथा_गिअर

कपलर सापडलं, ५.०२ व्होल्ट दिसले. तिन्ही फेऱ्यांत सहा छोट्या, मग एक लांब चार छोट्या. म्हणजे ६ आणि १४. मग कूलंट सेन्सर आणि आयडल व्हॉल्व्ह दोन्ही मागवू का?

दहाचा_पाना

अजून काहीच मागवू नका. कोड सर्किटचं नाव सांगतो, पार्टचं नाही. ६ म्हणजे कूलंट सेन्सरकडून येणारा व्होल्टेज ईसीएमला पटत नाहीये. त्यात सेन्सर, कपलर, वायर, अर्थ सगळं आलं. १४ सुद्धा इलेक्ट्रिकल कोड आहे. व्हॉल्व्ह कार्बनने भरला म्हणून १४ येत नाही, त्यामुळे कार्ब क्लीनर मारून तो जाणारही नाही.

दोन कोड एकत्र आले की दोघांत सामाईक काय ते बघायचं. या इंजिनांत ईसीएमच्या अर्थच्या वायरी थर्मोस्टॅट हाउसिंगवर (कूलंटचा थर्मोस्टॅट बसतो त्या डबीवर), डिस्ट्रिब्युटरच्या जवळ एका बोल्टने बसवलेल्या असतात. होज बदलताना तो बोल्ट वाटेत येतो. काढला जातो, आणि परत बसवताना ढिला राहतो किंवा खाली सांडलेल्या कूलंटची पांढरी बुरशी धरते.

इंजिन चालू करून हेडलाइट आणि ब्लोअर लावा. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक त्या अर्थच्या टर्मिनलवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खांबावरच. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ ठीक. जास्त असेल तर बॅटरीचा निगेटिव्ह काढून बोल्ट सोडा, टर्मिनल आणि खालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा. दहाचा पाना पुरतो.

मग सेन्सर. कपलर काढून दोन पिनांत रेझिस्टन्स मोजा, मीटर २० किलोओहमवर. २० अंशांना अडीच किलोओहमच्या आसपास, ८० अंशांना दोनशे ते चारशे ओहम. गार ते गरम हा आकडा सलग उतरत गेला पाहिजे, मध्येच उडी मारली तर सेन्सर बाद. इथे एक नेहमीची गफलत होते. एका वायरवालं सेंडिंग युनिट फक्त डॅशबोर्डच्या काट्यासाठी आहे. फॅनचा स्विच दोन वायरींचाच असतो, पण गार इंजिनला तो पूर्ण ओपन दाखवतो. त्याला सेन्सर समजून नवा सेन्सर आणणारे कमी नाहीत.

अर्धा_क्लच

यात एक भर. होज बदलल्यावर कूलंटमधली हवा नीट काढली नसेल तरीही गार इंजिनचा स्लो असाच नाचतो, आणि त्याचा कोड येत नाही. गार इंजिनचा स्लो वाढवणारा फास्ट आयडलचा व्हॉल्व्ह कूलंटच्या उष्णतेवर बंद होतो, तिथे हवा अडकली की तो उघडाच राहतो. इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून पातळी बघा. गरम असताना नाही.

नंतर कोड पुसा: चावी बंद, फ्यूज बॉक्सच्या झाकणावर "बॅक अप" लिहिलेला ७.५ अँपिअरचा फ्यूज काढून दहा सेकंद थांबा आणि परत लावा. घड्याळ आणि रेडिओची मेमरी जाईल. मग एसी, लाइट सगळं बंद ठेवून गाडी चालू करा, फॅन लागेपर्यंत ३००० आरपीएमवर धरा, मग पाच मिनिटं स्लोवर सोडा. दोन-तीन दिवस चालवून पुन्हा वाचा. चावी ऑन असताना कुणी कपलर ओढल्याने साठलेले कोड परत येत नाहीत, खरा बिघाड परत येतो.

चौथा_गिअर

अर्थवर ०.४२ व्होल्ट होते, बोल्ट बोटांनी फिरत होता. आता ०.०३. कूलंट पाऊण लिटर कमी निघालं. तीन दिवसांनी वाचलं तर ६ नाही, १४ मात्र आला.

दहाचा_पाना

मग आयडल व्हॉल्व्हचं कपलर काढा. चावी ऑन ठेवून एका पिनवर बॅटरीएवढा व्होल्टेज आला पाहिजे. नसेल तर फ्यूज आणि मेन रिलेकडून येणारी वायर बघा. असेल तर चावी बंद, बॅटरीचा निगेटिव्ह काढून ईसीएमकडे जाणाऱ्या वायरची कंटिन्युइटी घ्या, घेताना हार्नेस हलवत राहा, कारण उंदरांनी कुरतडलेली वायर स्थिर असताना बीप देते. वायर शाबूत निघाली तर व्हॉल्व्हची कॉइल. ईसीएमचा नंबर त्याच्याही नंतर.