एक्सपांडरला मराठीत काय म्हणायचं?

आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करतेय. नारायण पेठेतली जुनी खोली आहे, पंखा बंद केला की तिला उकडतं आणि चालू ठेवला की दोन ओव्यांच्या मधे नुसती घरघर. भाऊ म्हणाला एक्सपांडर (रेकॉर्डिंगमधली घरघर कमी करणारं साधन) लाव, लावला, बराच फरक पडला. आता घरच्यांसाठी आवाज कसा साफ केला ते मराठीत लिहून ठेवतेय आणि इथेच अडलेय. 'विस्तारक' लिहिलं तर मावशी म्हणाली, अगं घरघर कमी करायचीय ना, मग विस्तार कशाचा? खरंच कशाचा? आणि थ्रेशोल्डला, म्हणजे ज्या पातळीखालचा आवाज तो दाबतो तिला, काय लिहू?

—

मावशींनी बरोबर पकडलंय. विस्तारतं ते अंतर, मोठ्या आणि बारीक आवाजातलं. समजा थ्रेशोल्ड -४० डेसिबलवर आहे (उणे आकडा जितका मोठा तितका आवाज बारीक) आणि रेशो १:२, म्हणजे थ्रेशोल्डच्या जेवढं खाली त्याच्या दुप्पट खाली. आजींचा आवाज -२० च्या आसपास, त्याला हात लागत नाही. पंखा -५० ला, म्हणजे थ्रेशोल्डच्या १० खाली, तो २० खाली जातो, -६० ला. बारीक होता तो अजून बारीक झाला एवढंच. त्यामुळे विस्तारक चुकीचा नाही पण ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही त्यातून.

थ्रेशोल्डला उंबरठाच म्हणा, दुसरा शब्द शोधूच नका. आणि उंबरठा आला की दारही आलं. नॉईज गेट म्हणजे दाराला कडी घालणं, एकदम चिडीचूप. एक्सपांडर म्हणजे दार लोटून घेणं, बाहेरचं थोडं येत राहतं पण कानाला टोचत नाही. ओव्यांना लोटलेलं दारच बरं, मधेच सगळं मुकं झालं तर खोलीच नाहीशी झाल्यासारखी वाटते.

—

दार लोटणं झकास! यावरून डॉल्बी आठवलं. आपल्याकडे डॉल्बी म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत, छातीत धडधड. पण रे डॉल्बींनी १९६५ साली कंपनी काढली ती टेपवरचा 'स्सss' कमी करायला. कॅसेट डेकवर डॉल्बीचं बटण असायचं, रेकॉर्ड करताना उंच पट्टीतले बारीक आवाज उचलून धरायचे आणि वाजवताना तेवढेच परत खाली आणायचे, की टेपचा 'स्स' पण सोबत खाली. हे परत खाली आणणं म्हणजे एक्सपांडरच की. खरखर घालवणाऱ्या माणसाचं नाव आपण सगळ्यात मोठ्या गोंगाटाला दिलंय याचं मला खरंच वाईट वाटतं.

—

एक सांगतो, टिपणात 'नॉईज' हा एकच शब्द वापरू नका, मराठीत प्रत्येकाला वेगळा शब्द आहे आणि तो कामाचा आहे. पंख्याची घरघर, टेपची खरखर, विजेची गुंss हे सतत चालणारं आणि बारीक, म्हणून उंबरठ्याखाली सापडतं. रस्त्यावरचा गलका, कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न हे उंबरठा ओलांडून सरळ आत येणार, एक्सपांडरला फक्त आवाज केवढा ते कळतं, कोणाचा ते नाही. आणि आजी गात असतात तेव्हा दार उघडंच असतं, तेव्हा पंखाही आत येतो हे विसरू नका.

—

सगळ्यांचे मनापासून आभार. हो, गाताना पंखा मागे आहेच, हेडफोन लावून ऐकल्यावर कळलं. अजून एक सापडलं, ती ओवीच्या शेवटी 'बाईss' लांबवते ना, तो 'ई' अर्ध्यातच गिळला जात होता, मला वाटलं तिचाच श्वास पुरत नाही. रिलीज, म्हणजे आवाज उंबरठ्याखाली गेल्यावर दार लोटायला लागणारा वेळ, ८० मिलिसेकंद होता, ४०० केला, उंबरठा -४५ वर आणला, आता 'ई' शेवटपर्यंत येतो. टिपणात 'दार लोटणारा' लिहिलंय, मावशीला लगेच कळलं. रविवारी पंखा बंद ठेवून चार-चार ओव्याच घेणार आहोत, मधे पंखा लावून तिला वारा घेऊ द्यायचा आणि मग पुढच्या चार.