मदत हवी आहे: बाबा रोज ४ लिटर पाणी पितायत तरी चक्कर आणि पायात गोळे

वऱ्हाडी_लेक
लवकर सांगा प्लीज. बाबा गावी (अकोल्याजवळ), मी पुण्यात. तिकडे पारा ४४ च्या खाली यायला तयार नाही. बाबा पाणीच प्यायचे नाहीत, दिवसाला दोन-तीन फुलपात्री, बस. एप्रिलच्या शेवटी शेतातून आले आणि ओट्यावर टेकता टेकता डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हापासून मी त्यांच्या फोनवर अलार्म लावून दिलेत, आई दर तासाला तांब्या घेऊन समोर उभी राहते, ४ लिटर होतंच होतं. बारा दिवस झाले, चक्कर आहेच, उलट आता रात्री पोटऱ्यांत असे गोळे येतात की उठून बसतात. अजून किती द्यायचं? की पाण्यात काही घालायचं?

रानवारा
वय किती, शुगर-बीपी आहे का, गोळ्या कोणत्या चालू आहेत? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार.

दत्तू_७१
आरओचं पाणी असणार. आरओत सगळे क्षार निघून जातात, मग अंगाला काय लागणार. माठाचं पाणी, त्यात वाळ्याची जुडी, आणि बसून घोट घोट प्यायचं, उभ्याने नाही. आमच्या घरात आजवर हेच चालत आलंय. आणि ४ काय, ५ लिटर करा, पाण्याने कधी कुणाचं बिघडत नाही.

प्राची_क
काका, बिघडतं. मॅरेथॉनमध्ये नुसतं पाणी पीत राहिल्याने रक्तातलं सोडियम उतरून माणसं दगावली आहेत. आणि हे आठ ग्लास वगैरे जे सगळे सांगतात त्याची सुरुवात १९४५ च्या अमेरिकेतल्या एका शिफारशीपर्यंत नेतात, अडीच लिटरच्या, आणि त्यात पुढच्याच वाक्यात होतं की यातलं बरंचसं पाणी जेवणातूनच मिळतं. ते वाक्य कुणी वाचत नाही.

दत्तू_७१
अमेरिकेचं इथे कशाला? वऱ्हाडच्या उन्हात राहून बघा मग बोला.

कुळीथप्रेमी
माझ्या मेहुण्याला मुतखडा होता, रोज सकाळी कुळथाचं पाणी दिलं, पडला. तुमच्या बाबांनाही द्या, पाणी कमी पिणाऱ्यांना खडा असतोच.

वऱ्हाडी_लेक
खडा नाहीये हो. आरओ पण नाही, विहिरीचं पाणी आणि माठच आहे. वय ७२. शुगर नाही. बीपीची एक गोळी आहे पण ती वर्षानुवर्षं चालू आहे, तिचा काय संबंध? मी पाण्याचं विचारतेय.

सोलकढी
कोकम सरबत द्या, मीठ-जिरेपूड घालून. आमच्याकडे मालवणला मे महिन्यात दुपारी नुसतं पाणी कुणी पीत नाही. घामातून मीठ जातं, ते भरायला नको? नाहीतर ओआरएस द्या.

प्राची_क
ओआरएस घेताना पाकीट वाचून घ्या. ती गोड टेट्रापॅक ओआरएस नव्हेत, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा बघणारी केंद्राची संस्था) तसल्या पेयांच्या नावात ओआरएस लिहायला बंदी केली. खऱ्या पुडीत लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलऱ्याचे किती जीव वाचवले, तेव्हा सलाइन संपत आलं होतं.

फार्मसी_निवृत्त
ओआरएसचं नंतर बघू. ताई, गोळीचा संबंध आहे, फार आहे. ३४ वर्षं काउंटरवर उभा होतो. आईला सांगा ती स्ट्रिप हातात घ्यायला आणि नावाच्या शेवटी काय अक्षरं आहेत ती वाचायला. आणि गोळी कधी बदलली का ते विचारा.

वऱ्हाडी_लेक
आत्ता फोन केला. आईने चष्मा लावून वाचलं, शेवटी सीटी आहे. टेल्मिसार्टन ४० आणि क्लोरथॅलिडोन १२.५. मार्चमध्ये डॉक्टरांनी बदलून दिली म्हणे, मला कुणी सांगितलंच नाही. आणि आईने बीपी आहे म्हणून तेव्हापासून भाजी-वरण अळणीच केलंय, लोणचं-पापडही बंद. बाबा आज जरा गुंगीत बोलतायत असंही म्हणाली.

फार्मसी_निवृत्त
आता नीट ऐका. क्लोरथॅलिडोन म्हणजे लघवी जास्त करवणारी गोळी, तिच्यासोबत सोडियम बाहेर जातं, म्हाताऱ्या माणसांत तर पटकन. वरून मीठ बंद, घाम वेगळा, आणि त्यात तुम्ही रोज ४ लिटर साधं पाणी ओतताय. उरलंसुरलं सोडियम पातळ होतंय. चक्कर, गोळे, गुंगी, सगळं जुळतं. आज रात्रीच दवाखान्यात न्या, रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि किडनीसाठी क्रिएटिनिन करायला सांगा. स्ट्रिप सोबत न्या. तोवर पाण्याची जबरदस्ती थांबवा. घरच्या घरी मीठ चारून सोडियम वर आणायला जाऊ नका, ते हळूहळूच वाढवावं लागतं, तपासत तपासत.

दत्तू_७१
दवाखान्याची भीती घालायचं काम नाही, ताकात सैंधव घालून दिलं की माणूस उठून बसतो.

रानवारा
दत्तूकाका, माणूस गुंगीत आहे. ताकाचं उद्या बोलू.

वऱ्हाडी_लेक
शेजारच्या दादाच्या गाडीतून नेलं रात्रीच. सोडियम १२३. १३५ च्या वर हवं म्हणाले. ठेवून घेतलंय, ती गोळी बंद केली, पाणीही मोजून देतायत. मी निघालेय, बसमध्ये आहे. बारा दिवस मीच फोन करकरून पाणी पाजायला लावत होते, मला कळतच नव्हतं.

प्राची_क
वेळेत नेलंत. आम्हाला कळवत राहा.

वऱ्हाडी_लेक
चौथा दिवस. १३३ झालंय, बाबा ओळखून नीट बोलतायत, आज स्वतः दाढी केली. साध्या बीपीच्या गोळीवर आणलंय. डॉक्टर म्हणाले तहान लागेल तसं प्या, उन्हातून आल्यावर ताक किंवा मीठ घातलेलं लिंबूपाणी घ्या, आणि लघवी पिवळीधमक दिसली तर वाढवा. दोन आठवड्यांनी परत रक्त तपासायचंय.

रानवारा
छान. पण एक राहिलंच, ते आधी पाणी का पीत नव्हते? म्हातारपणी तहान कमी होते हे खरं, पण दोन फुलपात्री म्हणजे मुद्दाम टाळत असणार. विचारलंत का कधी?

वऱ्हाडी_लेक
काल विचारलं. आमचा संडास परसात आहे, गोठ्याच्या मागे, तीसेक पावलं असतील. मागच्या भाद्रपदात रात्री उठून जाताना तिथेच पाय घसरून पडले होते, आईला सांगितलंही नाही, गुडघा खरचटला तो दारात लागला म्हणाले. तेव्हापासून दुपारनंतर पाणी बंद, रात्री उठायला नको म्हणून. आई जागी व्हायला नको म्हणून. मी इतक्या वेळा पाणी प्या म्हणाले पण का पीत नाही हे एकदाही विचारलं नाही.

फार्मसी_निवृत्त
मग प्रोस्टेट दाखवून घ्या, या वयात ते असतंच बऱ्याचदा. पाणी सकाळी आणि दुपारी जास्त, संध्याकाळी पाचनंतर थोडं. औषधाच्या दुकानात हँडलचं लघवीचं भांडं मिळतं, ते रात्री पलंगाखाली. लाजतील, पण आईने नाही, तुम्हीच आणून ठेवा.

वऱ्हाडी_लेक
आणलं. दादा उद्या परसात बल्ब आणि भिंतीला धरायला पाइप लावून देतोय.

सुमन_ठाणे
धागा वाचून घरातली स्ट्रिप बघितली, सासऱ्यांच्याही गोळीत शेवटी सीटी आहे, दोन वर्षं झाली, सोडियम एकदाही केलेलं नाही. त्यांना त्रास काही नाही पण दुपारी फार झोप येते म्हणतात. लगेच करून घेऊ का?