मदत हवी आहे: बाबांच्या वह्यांचं पुस्तक करायचंय, ऑनलाइन लेखन-संपादनवाल्यांतले खरे कोण हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

मी मालवण तालुक्यात किनाऱ्यावरच्या एका वाडीत राहते. माझे बाबा आयुष्यभर रापणीवर होते, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याने मासेमारी करायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि त्यांच्या ट्रंकेत तीन दोनशेपानी वह्या सापडल्या. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की ते लिहीत बसायचे, एवढं आम्हाला ठाऊक होतं. काय लिहितात, ते कधी विचारलं नाही. आता वाचतेय. मतलई वारा कधी सुटला, बांगडा किनाऱ्याला कधी लागला, रापणीच्या मासळीचे वाटे कसे घातले, पर्ससीनच्या, म्हणजे मोठ्या यांत्रिक जाळ्यांच्या, बोटी आल्यावर ते वाटे कसे आटत गेले. भाषा निम्मी मालवणी, निम्मी शाळेतली. दमटपणाने काही पानांवर शाई फुटली आहे.

घरच्यांसाठी आणि वाडीतल्यांसाठी १०० प्रतींचं छोटं पुस्तक करावं असं आईच्या मनात आहे. अक्षर लावून टाइप करायचं, जुजबी संपादन, पानांची मांडणी, एवढंच काम. ऑनलाइन शोधलं तर तिघे पुढे आले.

पहिल्यांचं सगळं व्हॉट्सअॅपवर. आज रात्रीपर्यंतच सूट, पूर्ण पैसे आगाऊ, आणि यूपीआय खातं एका माणसाच्या खासगी नावावर. अंदाजपत्रकात ‘आयएसबीएन (म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक) शासकीय शुल्क ६,५०० रुपये’, वर जीएसटी. ऑफिस कुठे आहे विचारलं की विषय बदलतात.

दुसऱ्यांना नमुन्यासाठी एक पान दिलं. दुसऱ्याच दिवशी सुबक टाइप होऊन आलं, पण ‘रापण’ होतं तिथे तिथे ‘रोपण’. ‘आम्ही पहाटे रोपण ओढले.’ ते वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. यांच्या करारात ‘साहित्याचे सर्व हक्क संस्थेकडे राहतील’ असंही एक वाक्य आहे.

तिसऱ्या रत्नागिरीच्या एक बाई, एकट्याच काम करतात. वेबसाइट नाही, जीएसटी क्रमांक नाही. त्याच पानावर त्यांनी मला सात प्रश्न विचारले. हा शब्द तुमच्याकडे असाच म्हणतात ना, मग मी बदलत नाही, असं एका ठिकाणी लिहिलं होतं. मन त्यांच्याकडे ओढ घेतंय. पण फोटोत अक्षर नीट लागत नाही म्हणून त्या मूळ वह्या कुरिअरने मागतायत.

माझ्या चुलतभावाला घरबसल्या टायपिंगचं काम देतो म्हणून फसवलं होतं. काम दिल्यावर ‘चुका जास्त आहेत, करार मोडलात’ म्हणत खोट्या वकिलाची नोटीस आली आणि घाबरून त्याने पैसे भरले. त्यामुळे घरात सगळे धास्तावलेत. जीएसटी नाही म्हणजे बाई खोट्या का? आयएसबीएनला खरंच एवढा खर्च येतो? कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

प्रतिसाद १

ताई, पहिल्यांना एक रुपयाही देऊ नका. आपल्याकडे आयएसबीएन फुकट मिळतो. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखालची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो देते, लेखकाला स्वतःलाही अर्ज करता येतो. अर्ज भरून द्यायची मजुरी कोणी घेतली तर ती मजुरी म्हणून लिहावी, शासकीय शुल्क म्हणून नव्हे. आणि प्रती विकायच्या नसतील तर तुम्हाला तो लागतही नाही.

जीएसटीचं उलट आहे. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल साधारण २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नसते. एकट्या बाईंकडे क्रमांक नसणं त्यामुळे अगदी स्वाभाविक. पण जो बिलात जीएसटी लावतो त्याच्याकडे क्रमांक असलाच पाहिजे. तो १५ अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. पहिल्यांकडे मागून बघा.

चुलतभावाने तक्रार केली नसेल तर अजूनही करा. असं घडलं की लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे मधेच अडकवले जाण्याची शक्यता जास्त.

प्रतिसाद २

हक्कांच्या त्या वाक्यावर सही नको. बाबांच्या लिखाणाचे हक्क आता वारसांचे, म्हणजे आईचे आणि तुम्हा भावंडांचे. लेखी सही केल्याशिवाय ते दुसऱ्याकडे जात नाहीत, पण सही केलीत की जातात. टाइप करून देणाऱ्याला हक्क लागतातच कशाला?

वह्या कुरिअरने अजिबात पाठवू नका, बाई कितीही भल्या असल्या तरी. स्कॅन करून द्या. दर शब्दावर ठरवा, कारण ‘पान’ म्हणजे किती शब्द यावरून पुढे वाद होतात. पैसे एकेका वहीमागे द्या. फाइल युनिकोडमध्येच मागा. जुन्या फाँटात केलेलं काम दुसऱ्या संगणकावर उघडलं की नुसती चिन्हं दिसतात, तो त्रास मी भोगलाय.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पहिल्यांकडे जीएसटी क्रमांक मागितला, तेव्हापासून उत्तर नाही. रत्नागिरीच्या बाईंना स्कॅनचं विचारलं, त्या लगेच हो म्हणाल्या. पहिल्या वहीची दहा पानं आधी करू, ती आईला वाचून दाखवा, मग पुढचं बघू, असं त्यांनीच सुचवलं. भाऊ चुलतभावाला घेऊन पोलीस ठाण्यात जाणार आहे.

आता एकच अडचण. मालवण, कुडाळ किंवा कणकवलीत वही न उसवता, वरून फोटो घेऊन स्कॅन करून देणारं कोणी माहीत आहे का? शाई फुटलेली पानं एकमेकांना चिकटलीत, झेरॉक्सच्या काचेवर दाबली तर फाटतील.