मदत हवी आहे : ग्राफाइटवर टायटॅनियम डायबोराइडचा लेप टिकत नाही

नमस्कार मंडळी. मी बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. यमनापूरला ॲल्युमिना (ज्यातून ॲल्युमिनियम काढतात ती पांढरी पूड) बनतो हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यातून एक किलो धातू काढायला स्मेल्टरमध्ये (विजेने धातू वेगळा करणाऱ्या कारखान्यात) साधारण १३ ते १४ युनिट वीज लागते, आणि सैद्धांतिक गरज सव्वासहा युनिटच्या आसपासच आहे! म्हणून प्रोजेक्टला ही वीज वाचवण्याचाच विषय घेतलाय.

वितळलेलं ॲल्युमिनियम भट्टीच्या तळाच्या कार्बनच्या कॅथोडवर (ऋण टोकावर) नीट पसरत नाही, म्हणून तळाशी धातूचा जाड थर ठेवतात. चुंबकीय क्षेत्रामुळे तो हिंदकळतो. मग ॲनोड (वरचं धन टोक) धातूच्या ४-५ सेंटिमीटर वर ठेवावा लागतो, आणि त्या अंतरातल्या द्रावात बरीच वीज नुसती उष्णता होऊन जाते. टायटॅनियम डायबोराइड या सिरॅमिकवर धातू छान पसरतो, त्यामुळे हे अंतर कमी करता येतं.

म्हणून मी ग्राफाइटवर (हाही कार्बनच) त्याचा लेप देऊन बघतोय. माझा लेप मात्र भट्टीत तापवला की तडकतो, कडेने सुटतो. बाइंडर (लेप धरून ठेवणारा पदार्थ) कोणता घ्यावा? तापमान किती सावकाश चढवावं? स्मेल्टरच्या पॉटलाइनवर (भट्ट्यांच्या रांगेवर) काम केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा. उद्यमबाग-मच्छेकडच्या फाउंड्रीवाल्या काकांकडे जुन्या ग्राफाइटचे तुकडे असतील तर मी येऊन घेऊन जाईन.

शिवाय क्रायोलाइटची (ज्यात ॲल्युमिना विरघळवतात त्या फ्लोराइड क्षाराची) चाचणी करायचीय. फ्लोराइडचा धूर घातक, म्हणून चांगलं फ्यूम हूड (धूर बाहेर ओढणारं कपाट) असलेली लॅब बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापुरात कुठे आहे?