घरगल्ली म्हणजे बोळ का?

प्रश्न : प्लेगनंतरच्या मुंबईतल्या चाळींवरचा एक इंग्रजी मजकूर मराठीत आणते आहे. त्यात ‘हाऊस-गली’ हा शब्द सारखा येतो. मी ‘दोन घरांमधला बोळ’ असं केलंय. चालेल का?

उत्तर : नका करू, ताई. बोळातून माणसं ये-जा करतात, घरगल्लीतून रहिवासी जात नाहीत. हा १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातला शब्द आहे आणि तिथे त्याची व्याख्याच दिलेली आहे : सांडपाणी वाहून जाण्यासाठी किंवा संडास, मोऱ्या साफ करणाऱ्या कामगारांना आत शिरता यावं म्हणून ठेवलेली जमिनीची पट्टी. टोपलीचे संडास होते तेव्हा मैला याच वाटेने डोक्यावरून बाहेर जाई. ही कामं करणाऱ्यांना त्याच कायद्यात ‘हलालखोर’ म्हटलंय, त्यांच्या नावाचा करही होता. ‘बोळ’ लिहिलंत की ही माणसं वाक्यातून नाहीशी होतात. मला ते फार खटकतं.

महापालिकेच्या मराठीत ‘घरगल्ली’ रुळलेला आहे, जुन्या चाळींत ‘हाऊस गल्ली’ म्हणतात. दोन्ही चालतील.

आणखी एक : यातली ‘गली’ आपली की इंग्रजांची? इंग्रजीत त्याच उच्चाराचा एक शब्द पाण्याच्या चरासाठी आहे. प्लंबर ‘गली ट्रॅप’ म्हणतात तो त्यातला. या पट्टीला दोन्ही अर्थ लागू पडतात, त्यामुळे मुंबईत दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले असावेत, असं मला वाटतं.

प्रश्न : मग ‘खोल्यांच्या खिडक्या घरगल्लीकडे उघडत’ हे वाक्य मी उलटंच समजले! मला वाटलं, वारा येत असेल.

उत्तर : तिथेच तर सगळं आहे. घाणीमुळे त्या खिडक्या बंद ठेवाव्या लागत आणि खोली भरदिवसा काळोखी राही. १८९६ मध्ये प्लेग आला, १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि नंतर झगडा झाला तो याच पट्टीच्या रुंदीवरून. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये घरांतल्या उजेड-वाऱ्यावर व्याख्यानच दिलं होतं. त्यांचा आग्रह साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा. भिंतीच्या पायथ्यापासून त्या कोनात वर रेघ काढायची, समोरची इमारत तिच्या आड येता कामा नये. हिशेब सोपा आहे : समोरच्या उंचीच्या निम्मी जागा मोकळी हवी. म्हणजे समोर ४० फुटांची चाळ असेल तर २० फूट. घरगल्लीत माणूस जेमतेम अंग चोरून शिरे.

म्हणून तुमच्या मजकुरात ‘मोकळी जागा’ आणि ‘घरगल्ली’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. पहिल्यांदा येईल तिथे ‘चाळींमागची मैल्याची वाट, म्हणजे घरगल्ली’ असं लिहा, पुढे नुसतं ‘घरगल्ली’ पुरेल.