शहापुरातील जुन्या घरातले सामान योग्य हातांत कसे पोचवावे?

शहापूरची सून
नमस्कार. बेळगावच्या शहापुरातील आमचे जुने घर दोन महिन्यांत रिकामे करून द्यायचे आहे. सासूबाई गेल्यापासून ते बंदच होते. माळ्यावर तांब्याचा बंब, दोन घंगाळे आणि पितळेची पातेली आहेत. फडताळात चाळीसएक साड्या आहेत, त्यांतल्या निम्म्या सुती शहापुरी. याशिवाय मराठी पुस्तकांची चार पोती, मुलांची जुनी पाठ्यपुस्तके, जाड काचेचा दूरदर्शन संच, इन्व्हर्टरची बॅटरी, सासूबाईंचा वॉकर आणि उरलेली औषधे असा पसारा आहे. पूर्वी बोहारीण दारावर यायची आणि जरीच्या साडीवर स्टीलचे भांडे देऊन जायची; आता आमच्या गल्लीत तीही फिरकत नाही. एका संस्थेने ‘सगळे आणून टाका’ असे सांगितले म्हणून गेल्या वर्षी कपड्यांची तीन पोती दिली होती. महिन्याभराने तिकडे गेले, तेव्हा आम्ही बांधलेल्या सुतळीसकट ती व्हरांड्यात तशीच पडलेली दिसली. म्हणून विचारते की, ज्याला खरोखर उपयोग आहे त्याच्यापर्यंत या वस्तू कशा पोचवाव्यात?

निपाणीकर
ताई, व्हरांड्यातल्या पोत्यांचे आम्हाला नवल वाटत नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या गावांसाठी गाड्या भरभरून कपडे आले होते. आम्ही चार दिवस शाळेच्या खोलीत बसून ते निवडत होतो. परकराशिवाय साड्या, बटणे तुटलेले सदरे, लग्नात एकदाच घातलेले शेरवानीसारखे पोशाख असे बरेच निघाले. बायकांना हवी होती ती अंतर्वस्त्रे, टॉवेल आणि अंथरुणे मात्र फारच थोडी. पाण्यात सगळे गमावलेल्या माणसाला आपण जुने दिले याचे वाईट वाटत नाही. आपल्याला नको असलेले निवडायचे कामही त्याच्याच माथी मारले, याचे वाटते.

त्यामुळे निवड घरीच करावी. साड्या धुऊन, उन्हात वाळवून, शक्यतो परकर-पोलक्यासह जोड लावून द्याव्यात. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बीड आणि विजापूरकडून आलेली कुटुंबे फडाजवळच्या खोपींत राहतात, आणि थंडीत त्यांच्या लहान मुलांना स्वेटर व पांघरुणे लागतात. मुकादमाला आधी किती मुले आहेत ते विचारून तेवढेच न्यावे. विरलेल्या सुती साड्या मात्र कोणालाही नेसायला देऊ नका, त्यांच्या वाकळी शिवून घ्या. जुने सूत मऊ असते आणि टाकाही धरते. नायलॉनच्या साड्या घड्यांत सरकतात, म्हणून त्या वाकळीला चालत नाहीत. शिवणारीला शिलाई द्यावी. फुकट शिवून मागणे म्हणजे आपले दान तिच्या खर्चाने करणे.

खानापूरचा निवृत्त शिक्षक
पुस्तकांबद्दल लिहितो, कारण या बाबतीत सदिच्छेने होणाऱ्या चुका मी अनेक वर्षे पाहिल्या आहेत. महाराष्ट्रातील नातेवाईक आपल्या मुलांची बालभारतीची पुस्तके प्रेमाने पाठवतात. परंतु आपल्याकडील मराठी माध्यमाच्या शाळांना कर्नाटकाचा अभ्यासक्रम आहे, आणि सरकारी शाळांतील मुलांना त्याची पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळतात. जुनी पाठ्यपुस्तके म्हणूनच बहुधा रद्दीतच जातात, आणि ती सरळ रद्दीत घालण्यात काही गैर नाही. चणचण असते ती गोष्टींच्या पुस्तकांची, शब्दकोशांची, नकाशांची आणि मराठी-कन्नड शिकण्याच्या साधनांची. कणकुंबी-जांबोटीकडच्या शाळांत पावसाळ्यात दमटपणा इतका असतो की उघड्या फळीवर ठेवलेली पुस्तके लगेच बुरसतात. तेव्हा चार पोत्यांपेक्षा निवडक साठ पुस्तके आणि त्यांच्यासोबत आपल्या घरातले दाराचे एखादे कपाट द्या. मुख्याध्यापक जास्त खूश होतील. उरलेली पुस्तके गावच्या वाचनालयाला यादी दाखवून विचारावीत. तिथे प्रती आधीच असल्या, तर नकार मिळाल्याचे वाईट वाटून घेऊ नये.

दुरुस्तीवाला, टिळकवाडी
थोडक्यात सांगतो. जाड काचेचा संच दान म्हणून देऊ नका. त्याच्या काचेत शिसे असते, आणि तो चालवायला देणे म्हणजे दुसऱ्याच्या घरी भंगार नेऊन ठेवणे आहे. भंगारवाल्याकडे गेला तर तारांतल्या तांब्यासाठी तारा जाळल्या जाण्याचा आणि काच नाल्यात जाण्याचा धोका असतो. नवीन ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि जुन्या वस्तूंच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे, म्हणून संचाच्या कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारून पाहा. बॅटरी शिशाची असल्याने नव्या बॅटरीच्या दुकानात ती मोबदल्यात घेतात. 2023 च्या मे महिन्यात ‘मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर’ मोहिमेत शहरोशहरी जुन्या वस्तू जमा करण्याची केंद्रे उघडली होती. आपल्या प्रभागातले चालू आहे का, ते घंटागाडीच्या मुकादमाला विचारावे. बंब आणि घंगाळी मात्र मोडीत घाला आणि आलेल्या पैशांतून पांघरुणे घ्या. तांब्याचा बंब आता फारसे कोणी घरात तापवत नाही, पण तांब्याला भाव आहे.

परिचारिका, वडगाव
वॉकर देण्याआधी त्याच्या पायांची रबरी टोपणे बदला. ती झिजली की फरशीवर तो घसरतो, आणि पडून मोडलेले हाड म्हणजे पुन्हा नवा वॉकर. वस्तू कायमची देण्याऐवजी उसनी देणारे कोणी मिळाले तर उत्तम, कारण खुबा मोडलेल्या माणसाला ती काही महिनेच लागते. उरलेली औषधे कोणालाही देऊ नका. मुदत शिल्लक असली तरी ती नीट साठवली होती की नाही, हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

शहापूरची सून
सर्वांचे आभार. काल साड्यांचे तीन गठ्ठे केले आणि पाठ्यपुस्तके रद्दीवाल्याला दिली, थोडे जड गेले तरी. सरांनी म्हटल्याप्रमाणे एक काचेचे कपाट जांबोटीच्या बाजूला जाईल. सासूबाई त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवत, त्यामुळे ते आधी चांगले धुवावे लागेल. वाकळ शिवणाऱ्या बाईंना दूरध्वनी केला. मी बोलायला लागण्याआधीच त्यांनी विचारले की साड्या सुती आहेत की नायलॉनच्या, आणि नायलॉनच्या असतील तर येण्याचे कष्ट घेणार नाही, असेही बजावले. निपाणीकरांनी आधीच सांगून ठेवले होते म्हणून उत्तर तयार होते. त्या बुधवारी येत आहेत.